बेतीला थांबलेले रणगाडे आणि आग्वादला गेलेले दोघे : मुक्तिदिन समितीला खुलं पत्र

प्रति,
मुक्तिदिन कार्यक्रम समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुम्ही शाळांसाठी जी प्रश्नमंजुषा घेतलीत तिथे मी मागच्या रांगेत बसले होते. बाराव्या प्रश्नाला निवेदकांनी विचारलं, गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय सैन्याने रणगाडे आणले होते का? आमच्या वाड्यावरची आठवीतली एक मुलगी उठली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, हो, आणले होते, पणजीसमोर मांडवीच्या अलीकडच्या काठावर बेतीपर्यंत आले होते. निवेदकांनी हातातला कागद बघितला, चूक म्हणाले आणि प्रश्न पुढच्या टीमला दिला. त्या टीमने नाही म्हटलं आणि 10 गुण घेतले. ती मुलगी खाली बसली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली, कारण हे तिला मीच सांगितलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजजवळ जाऊन सांगितलं की उत्तर चुकलंय, तर आता निकाल लागला मॅडम, नंतर बघू असं म्हणाले. नंतर मी दोनदा फोन केला, व्हॉट्सॲपवर सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं, निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही. प्रदर्शनात माझं पॅनल लावलं नाहीत त्या वेळी पण असंच झालं होतं, तेव्हा मी गप्प बसले होते. आता नाही बसवत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते, तुम्ही दरवर्षी स्वतःची कामं सोडून हा कार्यक्रम उभा करता हे मला माहीत आहे, त्यामुळे कुणाचा अपमान करायचा हेतू नाही. पण जे चुकलंय ते चुकलंय.

मी कोण ते आधी सांगते. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. सोसायटीत क्लार्क आहे, संध्याकाळी वाड्यावरच्या मुलांचा अभ्यास घेते. या विषयाशी माझा संबंध माझ्या बाबांमुळे.

बाबा 1961 साली 11 वर्षांचे होते. आमचं जुनं घर म्हापशाहून बेतीला जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं, पुढे चिऱ्यांचा गडगा, आत तुळस. 18 डिसेंबर, सोमवार. सकाळपासून घरात धड चूल पेटली नव्हती, आजीने सगळ्या पोरांना आतल्या खोलीत बसवून ठेवलेलं कारण बाहेर काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गाड्या भरून धक्क्याकडे चाललेत एवढंच शेजारच्यांनी येऊन सांगितलेलं. ऊन उतरल्यावर आवाज यायला लागला. बाबा म्हणायचे तो आवाज आधी पायाला कळला, सारवलेली जमीन तळव्याखाली थरथरायला लागली आणि फळीवरची भांडी किणकिणायला लागली. आजीचा हात सोडवून ते सोप्यावर पळाले तर समोर लाल धुळीचा लोट आणि त्यातून पुढे आलेली तोफेची नळी. आमच्या घराजवळ रस्ता वळायचा आणि तिथे तो अरुंद होता, एका रणगाड्याचा पट्टा गडग्याच्या कोपऱ्याला लागला आणि चार-पाच चिरे रस्त्यावर येऊन पडले. रणगाडा थांबला. वरचं झाकण उघडून एका सैनिकाने डोकं बाहेर काढलं, तोंड, भुवया, मिशा सगळं धुळीने लाल. त्याने आजोबांकडे बघून हात जोडले, चिऱ्यांकडे बोट दाखवून परत हात जोडले. मग ओंजळ तोंडाशी नेऊन पाण्याची खूण केली. आजी आतून म्हणाली, "उदक दी तांकां," आणि बाबा कळशी घेऊन गेले. कळशी जड, रणगाडा उंच, आजोबांनी खालून आधार दिला तेव्हा कुठे ती वर पोचली.

तो कोपरा आजोबांनी परत कधी बांधला नाही. घरी कोण आलं की दाखवायचे. मी लहानपणी त्या पडक्या कोपऱ्यात बसून चिंचा खाल्ल्यात. पुढे रस्ता रुंद झाला, गडगाच गेला, आजी-आजोबा गेले, चार वर्षांपूर्वी बाबा पण गेले. आता तुम्ही प्रश्नमंजुषेत सांगताय की रणगाडे आलेच नव्हते.

ते कुणाचे रणगाडे हे बाबांना ठाऊक नव्हतं, मिलिटरीचे एवढंच. मला बऱ्याच उशिरा कळलं की बेतीला त्या संध्याकाळी येऊन थांबलेली तुकडी 7 लाइट कॅव्हलरीची होती. एकदा नाव हाताला लागल्यावर मी मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता थक्क झाले. कारण गोव्यात येण्याआधी या रेजिमेंटने जे केलं होतं ते आपल्याकडे शंभरात एकालाही माहीत नसेल. तेवढं इथे सांगते, थोडं लांबेल, पण तुम्ही माझं पॅनल लावू दिलं नाहीत त्यामुळे इथेच सांगावं लागतंय.

रेजिमेंट उभी राहिली 1784 साली, मद्रासचं घोडदळ म्हणून. 7 हा नंबर 1922 ला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात घोडे गेले आणि स्टुअर्ट रणगाडे आले. स्टुअर्ट म्हणजे हलका रणगाडा, साधारण 15 टनांचा, आत चार माणसं, 37 मिलिमीटरची तोफ. 1944 ला जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं तेव्हा ही रेजिमेंट तिथे होती. युद्ध संपल्यावर हरलेल्या जपानमध्ये राष्ट्रकुलाचं जे सैन्य ठेवलं होतं त्यातही होती.

मग काश्मीर. नोव्हेंबर 1947, पाकिस्तानकडून आलेले टोळीवाले श्रीनगरच्या उंबऱ्यावर शालटेंगला जमलेले. 7 कॅव्हलरीच्या चिलखती गाड्यांची एक छोटी तुकडी लेफ्टनंट नोएल डेव्हिड यांच्याबरोबर मोठा वळसा घालून टोळीवाल्यांच्या पाठीमागून आली. मागून येतायत म्हणजे आपल्याच गाड्या असणार असं टोळीवाल्यांना वाटलं. समोरून पायदळ, पाठीमागून या गाड्या, 7 नोव्हेंबरला शालटेंगची लढाई थोड्या वेळात संपली आणि श्रीनगर वाचलं.

आणि जोजिला. हे तर मी मुलांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मुलं परत सांगा म्हणतात.

1948 च्या उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल हातातून गेलं, जोजिला खिंड शत्रूच्या ताब्यात गेली आणि लेहचा जमिनीवरचा रस्ता तुटला. खिंड साधारण साडेअकरा हजार फुटांवर. सप्टेंबरमध्ये 77 पॅरा ब्रिगेडने पायदळाचे हल्ले करून बघितले, पण दोन्ही बाजूंच्या कड्यांत शत्रूचे बंकर, त्यात मशीनगन, आणि खाली उघडी वाट, त्यामुळे माणसं पडली आणि हल्ला फसला. हिवाळा तोंडावर आलेला, एकदा बर्फ पडलं की वाट बंद आणि लेह एकटं. तेव्हा 19 डिव्हिजनचे प्रमुख जनरल थिमय्या यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. त्या उंचीवर तोपर्यंत जगात कुणी रणगाडा लढाईत वापरला नव्हता. बालतालपासून खिंडीत जायला होती ती खेचरांची वाट! मद्रास सॅपर्सनी, म्हणजे सैन्यातल्या रस्ते-पूल बांधणाऱ्या जवानांनी, मेजर थंगराजू यांच्या हाताखाली ती वाट कड्यात सुरुंग लावून रणगाडा जाईल एवढी रुंद केली, वरून गोळ्या येत असताना. इकडे 7 कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, उतरवून ठेवला. एक तर वाटेतले लाकडी पूल पूर्ण वजन पेलणारे नव्हते आणि दुसरं म्हणजे बघणाऱ्याला हा रणगाडा आहे हे कळायला नको होतं. ताडपत्र्या घालून जम्मूकडून बनिहाल ओलांडून ते श्रीनगरला आणले, शहरातून नेताना संचारबंदी लावली, आणि बालतालला पोचल्यावर टरेट परत चढवले. शत्रूला अजिबात पत्ता लागला नाही.

रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग. सैन्यात त्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणायचे, म्हणजे चिमणी. 1 नोव्हेंबर 1948, बर्फ पडतंय, दुपारी रणगाडे खिंडीत शिरले आणि सगळ्यात पुढच्या रणगाड्यात स्वतः जनरल थिमय्या बसलेले. बंकरांवर अगदी जवळून तोफा चालायला लागल्या, पाठोपाठ पायदळ चढलं, आणि संध्याकाळपर्यंत खिंड आपली. त्याच महिन्यात द्रास, मग 23 तारखेला कारगिल, आणि लेहकडून येणाऱ्या आपल्या तुकडीशी गाठ पडली. आज लडाख नकाशात आपलं दिसतं त्याच्यामागे ती दुपार आहे. राजिंदर सिंगांना महावीर चक्र मिळालं आणि 1965 च्या युद्धात पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख असताना दुसऱ्यांदा मिळालं.

जोजिलानंतर 13 वर्षांनी हीच रेजिमेंट आमच्या गडग्याचे चिरे पाडून बेतीला गेली.

आता गोव्याचं. कारवाईचा मुख्य भार मेजर जनरल कँडेथ यांच्या 17 इन्फंट्री डिव्हिजनवर होता, ती पूर्वेकडून यायची होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडला उत्तरेकडून मदतीचं काम दिलेलं, पण ती इतकी जोरात पुढे आली की पणजीपर्यंत तीच आधी पोचली. तिच्या तीन फळ्या होत्या आणि त्यातली पश्चिमेची फळी म्हणजे 2 सिख लाइट इन्फंट्री आणि 7 कॅव्हलरीचे रणगाडे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्यांनी हद्द ओलांडली आणि थिवीच्या रस्त्याने निघाले. पोर्तुगीजांची उत्तरेकडची तुकडी, तिच्याकडे पण चिलखती गाड्या होत्या, म्हापशाला दुपारी वेढ्यात सापडायला आली तेव्हा गोळीबार करत वाट काढून ती बेतीकडे आणि तिथून फेरीने पणजीला गेली. वाटेतले पूल उडवलेले, सुरुंग पेरलेले. तरीही पावणेसहाच्या सुमाराला आपले रणगाडे बेतीच्या काठावर होते, शेवटचे पोर्तुगीज सैनिक पलीकडे उतरून काही मिनिटंच झाली होती. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता, तो 1970 ला झाला. म्हणून रणगाडे तिथे थांबले. समोर पणजी, मध्ये पाणी, आणि पुढचा हुकूम नाही. पायदळ रात्री नऊपर्यंत येऊन मिळालं.

आठच्या सुमाराला पणजीहून एक गोंयकार होडीने मांडवी ओलांडून आला. त्याच्या हातात पोर्तुगीज मेजरची चिठ्ठी होती, शरणागतीबद्दल बोलायचंय, लोकांची कत्तल आणि शहराचा नाश टाळायला दोन्हीकडून गोळीबार थांबवूया अशा अर्थाची. ती चिठ्ठी ज्यांच्या हातात दिली ते 7 कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू.

यापुढचं जे आहे ना, त्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

बेतीला असतानाच मेजर सिद्धूंना कळलं की आग्वादच्या किल्ल्यात भारताच्या बाजूची माणसं कैदेत आहेत. चिठ्ठी आली होती, समोरचे बोलायला तयार होते, सकाळपर्यंत थांबलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्याच रात्री ते आपली तुकडी घेऊन किल्ला ताब्यात घ्यायला आणि कैद्यांना सोडवायला निघाले. किल्ल्यातल्या शिपायांना शरण जायचा हुकूम अजून पोचला नव्हता. त्यांनी गोळीबार केला. मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथे मारले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिख लाइट इन्फंट्रीने मांडवी ओलांडून पणजी घेतली, गोळी चालवायची वेळ आली नाही, आणि 19 तारखेला रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली.

बेतीहून आग्वादला मी स्कूटरवरून कितीदा गेलेय, वेरें, नेरूल, सिकेरी, ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास पण लागत नाही. दरवेळी मनात येतं की त्या रात्री अंधारात, रस्ता माहीत नाही, भाषा माहीत नाही, अशी ही माणसं याच वाटेवर कुणासाठी जात होती? आपल्या माणसांसाठी. ज्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती अशा गोंयकार कैद्यांसाठी.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी.

प्रश्नमंजुषेचं वर लिहिलंच. उत्तर चुकीचं छापलं गेलं, होतं असं, मी पण ऑफिसात चुकते. पण चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करायला नकार देणं आणि बरोबर सांगणाऱ्या मुलीचे गुण दुसऱ्याला देणं हे मला पटत नाही. तिने मला परवा विचारलं, मग पुढच्या वेळी मी काय सांगू? मला उत्तर देता आलं नाही.

चौकात लावलेला मोठा बॅनर. त्यावर मुक्तिदिनाच्या शुभेच्छा, माडाची झाडं आणि मध्ये रणगाडा. तो रणगाडा टी-90 आहे. तो आपल्या सैन्यात यायला लागला 2001 नंतर, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर 40 वर्षांनी. डिझाइन करणाऱ्या मुलाने नेटवरून मिळाला तो फोटो घेतला असेल, त्याचा दोष नाही, पण छापायच्या आधी तुमच्यापैकी एकाने तरी बघायला हवं होतं. आणि बघा, बॅनरवर रणगाडा आहे आणि प्रश्नमंजुषेत रणगाडे नव्हते, दोन्ही तुमच्याच समितीचं. यावरून मला एवढंच कळलं की हा विषय कुणी नीट हातात घेतलेलाच नाही.

श्रद्धांजलीची यादी. गेल्या वर्षी स्टेजवरून नावं वाचली तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. सिद्धू आणि सेहगल ही दोन नावं त्यात नव्हती. संपूर्ण कारवाईत भारताचे 22 जण गेले असा अधिकृत आकडा आहे. 22 नावं वाचायला किती वेळ लागतो? आणि हे दोघे तर आपल्या बार्देश तालुक्यात पडले, आपण जिथे रविवारी पोरांना घेऊन फिरायला जातो तिथे.

आणि शेवटचं माझं पॅनल. दिवाळीच्या आधी मी मजकूर दिला, तीन फूट बाय चार फूट, प्रिंटचे पैसे मी स्वतः घालणार होते, वाड्यावरच्या मुलांनी बेती ते आग्वाद रस्त्याचा नकाशा हाताने काढला होता, रंगीत खडूंनी, एका मुलाने मांडवीत फेरीबोट पण काढली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळलं की जागा नाही. जाऊन बघते तर जिथे आमचं पॅनल ठरलं होतं तिथे सेल्फी पॉइंट उभा. त्या मुलांना मी काय सांगितलं ते मलाच माहीत. नकाशा अजून माझ्याकडे कपाटावर गुंडाळून ठेवलाय.

तुमच्यातल्या दोघांनी मला तोंडी जी कारणं दिली त्यावर पण बोलते, नाहीतर एकतर्फी होईल.

एक जण म्हणाले, अहो रणगाड्यांनी गोव्यात लढाई कुठे केली, बेतीपर्यंत कुणी अडवलंच नाही. खरंय. वाटेत मोठी चकमक झाली नाही, आणि मी कुठेही तशी झाली असं लिहिलेलं नाही, नसलेला पराक्रम चिकटवायची या रेजिमेंटला गरज पण नाही. पण ते संध्याकाळी काठावर येऊन उभे राहिले आणि सव्वादोन तासांत चिठ्ठी आली हे पण खरंय. शिवाय लढाई झाली नाही म्हणून इतिहासातून गाळायचं असेल तर आग्वादला त्या दोघांचा जीव गेला ते काय होतं?

दुसरे ज्येष्ठ आहेत, मी त्यांना काका म्हणते, त्यांचं म्हणणं मला जास्त लागलं. ते म्हणाले, सैन्याचं फार सांगितलं की लोकांना वाटतं गोवा 36 तासांत सुटला, आणि ज्यांनी 15-15 वर्षं मार खाल्ला, जेल भोगली ते स्वातंत्र्यसैनिक मागे पडतात. काका, तुमचं दुःख मला कळतं. तुमच्या घरातला माणूस आत होता. 18 जून 1946 पासून जो स्वातंत्र्याचा लढा सुरू झाला तो विसरून कुणी नुसते 36 तास सांगायला लागला तर मी पण भांडेन. पण मला सांगा, मेजर सिद्धू त्या रात्री आग्वादला कशाला गेले? तुमच्याच माणसांना सोडवायला ना? जेल भोगणारे आणि त्यांना सोडवायला येऊन मेलेले, या दोघांची गोष्ट एकाच भिंतीपाशी येऊन मिळते, ती वेगळी कशी करायची? एकाचं सांगितल्याने दुसऱ्याचं कमी होणार असेल असं एक पण वाक्य माझ्या मजकुरात असलं तर दाखवा, मी आत्ता खोडते.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ सांगते.

प्रश्नमंजुषेचं उत्तर दुरुस्त करा आणि 19 तारखेला स्टेजवरून तसं जाहीर करा. निकाल बदलू नका हवं तर, जिंकलेल्या टीमचा पण दोष नाही, पण त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं एवढं माइकवर बोला, तिच्या शाळेला पण कळवा.

बॅनर उतरवा किंवा निदान त्यातला फोटो बदला. नवीन बॅनरचा खर्च जास्त होत असेल तर मी आणि वाड्यावरची माणसं वर्गणी काढू.

श्रद्धांजलीच्या यादीत मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल, 7 लाइट कॅव्हलरी, ही नावं रेजिमेंटच्या नावासकट वाचा. यावर्षीपासून, पुढच्या वर्षी बघू असं नको.

मुलांचा नकाशा आणि पॅनल लावा. सेल्फी पॉइंट काढा असं मी म्हणत नाही, दाराजवळची भिंत रिकामी आहे, तिथे बसतं, मी मोजून आलेय.

आणि एक थोडी लांबची मागणी, यावर्षी नाही झाली तरी चालेल. 7 लाइट कॅव्हलरी आजही आपल्या सैन्यात आहे. समितीच्या लेटरहेडवर रेजिमेंटला एक पत्र लिहा, की तुमची माणसं 1961 ला आमच्याकडे आली होती, दोघे परत गेले नाहीत, आमच्या मुलांशी बोलायला कुणी येऊ शकेल का. मसुदा मी लिहून देते. ही रेजिमेंट गोव्यानंतर वर्ष पण झालं नाही तोच 1962 च्या युद्धात बोमडिलाच्या डोंगरात होती, त्यांना गोव्याची आठवण काढायला उसंत मिळाली नसेल. पण आपण तर इथेच आहोत.

रस्त्याकडेची अशी घरं अजून आहेत जिथे कुणीतरी आजी-आजोबा त्या संध्याकाळबद्दल सांगतील, अस्नोडा, थिवी, म्हापसा, पर्वरी, त्यावेळी जे 10-12 वर्षांचे होते ते आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. माझ्या बाबांचं मी कधी रेकॉर्ड करून ठेवलं नाही, फोन हातात असून. ती चूक माझी, तिची खंत मला आयुष्यभर राहील. तुमच्याकडे माणसं आहेत, पोरं आहेत, दर रविवारी एका घरी गेली तरी पुष्कळ होईल. हवं तर मी बरोबर येते.

तुमचं उत्तर 15 तारखेपर्यंत आलं तर बरं होईल, म्हणजे प्रिंटला वेळ मिळेल.

उत्तर आलं नाही तरी 18 डिसेंबरला संध्याकाळी पावणेसहाला मी वाड्यावरच्या मुलांना घेऊन बेतीच्या फेरीच्या धक्क्यावर असेन. मुलं नकाशा धरतील, मी बाबांनी सांगितलेलं सांगेन, दोन नावं वाचू आणि मग ज्यांना जमेल ते आग्वादपर्यंत जाऊ. ज्याला यायचंय त्याने या, समितीच्या सगळ्यांना तर आग्रहाचं बोलावणं आहे. काका, तुम्ही या. तुमच्या घरातल्या माणसाचं नाव पण तिथे वाचायचं आहे. आजीची ती कळशी अजून आमच्याकडे आहे, पाणी तिच्यातूनच आणेन.

आपली,
बेतीच्या रस्त्यावरच्या जुन्या घरातली एक गोंयकार